ओलिंपियाच्या खोलीतल्या दोघी

वीसेक वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या वाचनालयात मी एका चित्रावर तासभर बोललो होतो. चित्र होतं एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराचं 'ओलिंपिया'. कार्यक्रमाआधी अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "चित्र दाखवायलाच हवं का? समोर बायका असतील." मी म्हटलं, दाखवल्याशिवाय बोलणार कसं? शेवटी स्लाइड पाच मिनिटं दाखवायची आणि मग बंद करायची, असा समझोता झाला. तो मी पाळला नाही.

व्याख्यान संपल्यावर एक निवृत्त शिक्षिका उठल्या. त्यांनी विचारलं, "मागं फुलं घेऊन उभी आहे ती कोण?"

"मोलकरीण," मी म्हणालो.

"ते दिसतंय हो. तिचं नाव काय?"

मी सांगितलं की अशा मॉडेलची नावं कुणी नोंदवून ठेवत नसे. उत्तर मी ठामपणे दिलं होतं आणि ते चुकीचं होतं. चूक लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली. हा लेख एका अर्थानं त्या बाईंना उशिरा दिलेलं उत्तर आहे.

थोडं स्वतःविषयी सांगायला हवं. मी कलेचा विद्यार्थी नव्हे. उमेदीची सगळी वर्षं छापखान्यात गेली. 'ओलिंपिया' मला पहिल्यांदा भेटली ती रद्दीतून घेतलेल्या एका इंग्रजी पुस्तकात, पोस्टकार्डाएवढ्या काळ्या-पांढऱ्या चित्रात. हाफटोन ब्लॉकवर काम केलेल्या कुणालाही ठाऊक असतं की चित्राचा काळा भाग सांभाळणं सर्वांत अवघड. शाई जरा जास्त झाली की तिथले ठिपके भरून जातात आणि अंधाराचा एकच डाग उरतो. माझ्या पुस्तकात तसंच झालं होतं. पलंगावरची गोरी बाई स्वच्छ उमटली होती. मागं हवेत तरंगणारा फुलांचा गुच्छ आणि एक फिकट झगा होता. झग्याच्या वर चेहरा नव्हता आणि पायथ्याची काळी मांजर तर साफ गेली होती. कित्येक वर्षं मी त्या चित्रात एकच बाई पाहत होतो.

*

हे एदुआर माने म्हणजे म्हसवडचे माने नव्हेत, असं मी व्याख्यानाच्या सुरुवातीला सांगितलं होतं आणि लोक हसले होते. पॅरिसमधल्या सधन, प्रतिष्ठित घरात १८३२ साली जन्मलेला हा माणूस बंडखोर म्हणून मिरवायला निघालेला नव्हता. त्याला सरकारी प्रदर्शनात मान हवा होता, पदक हवं होतं. थोमा कुत्यूर या नावाजलेल्या चित्रकाराकडे तो सहा वर्षं शिकला. इटलीत जाऊन त्यानं जुन्या गुरूंची चित्रं उतरवली. त्यातलंच एक तिशियनचं 'उर्बिनोची व्हीनस', १५३८ सालचं, फ्लॉरेन्समधलं.

तिशियनच्या या चित्रात एक नग्न स्त्री पलंगावर पहुडली आहे. पायाशी इमानाचं प्रतीक असलेलं कुत्रं झोपलं आहे. मागं दासी पेटीत कपडे शोधत आहेत. स्त्रीचा डावा हात अलगद मांडीवर आलेला आहे. युरोपात नग्न स्त्री रंगवण्याची हीच रीत पुढं तीनशे वर्षं चालत आली. रीत अशी की बाई नग्न असली तरी ती कुठली तरी देवी, अप्सरा, किंवा दूरच्या देशातल्या जनानखान्यातली असावी. तिचं अंग संगमरवरासारखं गुळगुळीत असावं. उजेडातून सावलीत जाताना मधल्या असंख्य छटांनी देहाला गोलाई यावी. आणि तिनं पाहणाऱ्याला अडचणीत आणू नये.

ही रीत पाळली की बक्षीस मिळे. १८६३ सालच्या सालोंमध्ये, म्हणजे दरवर्षीच्या सरकारी प्रदर्शनात, अलेक्सांद्र काबानेलनं 'व्हीनसचा जन्म' मांडलं. लाटांवर आडवी झालेली नग्न देवी, डोळ्यांवर हात, वर उडणारी बाळं. सम्राट तिसऱ्या नेपोलियननं ते चित्र स्वतःसाठी विकत घेतलं. नग्नतेला पॅरिसची काही हरकत नव्हती, हे इथंच लक्षात ठेवायला हवं. त्याच वर्षी परीक्षकांनी हजारो चित्रं नाकारली. आरडाओरड झाली तेव्हा नाकारलेल्यांसाठी वेगळं दालन भरवण्याचा हुकूम सम्राटानं दिला. मानेचं 'गवतावरचं भोजन' त्या दालनात होतं आणि लोक ते पाहून हसत होते. घरी स्टुडिओत त्याच वर्षी त्यानं आणखी एक चित्र पुरं केलं होतं. ते 'ओलिंपिया'. दोन वर्षं त्यानं ते कुठंही पाठवलं नाही.

*

१८६५ च्या मे महिन्यात ते सालोंमध्ये लागलं. १८६३ च्या गोंधळानंतर परीक्षक थोडे सैल झाले होते.

चित्र सुमारे १३० सेंटिमीटर उंच आणि १९० सेंटिमीटर रुंद आहे. मांडणी सरळसरळ तिशियनची. पण प्रत्येक गोष्ट बदललेली. इमानी कुत्र्याच्या जागी शेपटी ताठ केलेली काळी मांजर. गळ्यात काळी फीत, हातात कडं, केसांत फूल, पायात सपाता, त्यातली एक निसटलेली. डावा हात मांडीवर आहे. पण अलगद नाही, दार लावून घ्यावं तसा घट्ट. अंगावर समोरून उजेड पडला आहे आणि मधल्या छटा जवळपास गाळून टाकल्या आहेत. उजळ भाग आणि त्याला लागून गडद रेघ, बस्स. कुर्बेसारखा धीट चित्रकारही म्हणाला म्हणे, ही पत्त्यांतली राणी वाटते. आणि ती सरळ समोर पाहते आहे. हसत नाही, लाजत नाही, बोलावतही नाही.

मागं उभी असलेली कृष्णवर्णीय स्त्री कागदात गुंडाळलेला गुच्छ पुढं करते आहे. नुकतंच कुणीतरी तो पाठवलेला दिसतो.

नावही बोलकं होतं. त्या काळच्या पॅरिसमध्ये गणिका असली नावं घेत. वेश्याव्यवसाय तिथं सरकारी देखरेखीखाली चाले. पोलिसांकडे नोंद होई, वैद्यकीय तपासणी होई. सालोंला येणाऱ्या सभ्य पुरुषांना हे सगळं ठाऊक होतं. पण ते ठाऊक असण्याची जागा वेगळी आणि बायको-मुलींसोबत चित्रं पाहायची जागा वेगळी. मानेनं त्या दोन जागा एक केल्या. चित्रासमोर जो उभा राही, तो आपसूक गुच्छ पाठवणाऱ्याच्या जागी उभा राही. तिची नजर त्याला विचारत होती, आलात? बरं, मग?

मराठीत आपल्याकडे 'नग्न' आणि 'उघडी' असे दोन शब्द आहेत. लेण्यातली यक्षी नग्न असते. पण चुकून दार लोटलं गेलं आणि आत कुणी कपडे बदलत असलं, तर ती बाई उघडी असते आणि शरम पाहणाऱ्याला वाटते. काबानेलची व्हीनस नग्न आहे. ओलिंपिया उघडी आहे, आणि दार लोटलं गेल्याचं तिला काही वाटत नाही. संताप झाला तो याचा.

*

कलेतिहासकार टी. जे. क्लार्क यांनी १८६५ मधल्या या चित्रावरच्या सुमारे साठ परीक्षणांचा धांडोळा घेतला. समजून घेण्याचा प्रयत्न करणारी त्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एकानं तिला गोरिलाची मादी म्हटलं. दुसऱ्याला चित्रासमोरची गर्दी पाहून बेवारस प्रेतं पाहायला जमणारी गर्दी आठवली. तिचं अंग मळकट आहे, पिवळं आहे, सडू लागलं आहे, असं लिहिलं गेलं. ही शब्दकळा पाहिली की जाणवतं, टीकाकार रंगाविषयी बोलत आहेत असं त्यांना स्वतःला वाटतंय, पण बोलत आहेत ते तिच्या धंद्याविषयी, रोगराईविषयी, गरिबीविषयी.

लोक छत्र्या-काठ्या उगारतील म्हणून रखवालदार नेमावे लागले. तेवढ्यानं भागेना, तेव्हा चित्र शेवटच्या दालनात दाराच्या वर इतकं उंच टांगलं की अंग कुठलं आणि पलंगावरची चादर कुठली हे कळू नये.

त्याच प्रदर्शनात एक विनोदी प्रकारही घडला. चित्रं आडनावांच्या अक्षरक्रमानं लावली होती. त्यामुळे मानेच्या दालनातच क्लोद मोने या नवख्या पोराची दोन समुद्रचित्रं होती. लोक मानेला गाठून त्या समुद्रचित्रांबद्दल शाबासकी देऊ लागले. आपल्या नावाचा फायदा घेणारा हा कोण उपटसुंभ, म्हणून माने चिडला. हा मोने या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

मानेनं ब्रसेल्समध्ये असलेल्या कवी बोदलेरला कळवलं की शिव्यांचा गारांसारखा मारा होतो आहे. बोदलेरनं सांत्वन केलं नाही. तुझ्याहून मोठ्या माणसांचीही अशीच टर उडवली गेली आहे, ते काही त्यामुळे मेले नाहीत, अशा अर्थाचं त्यानं सुनावलं. माने स्पेनला निघून गेला आणि वेलास्केसची चित्रं पाहून सावरला.

*

मानेची बाजू घेऊन जोरात लिहिलं ते एमिल झोलानं, १८६६ आणि १८६७ साली. माझ्या वाचनालयातल्या व्याख्यानाचा निम्मा भाग झोलाच्या युक्तिवादावर उभा होता. झोलाचं म्हणणं असं की चित्रात गोष्ट शोधू नका, नीती शोधू नका. चित्रकाराला उजळ डाग हवे होते म्हणून गुच्छ आला. काळे डाग हवे होते म्हणून कोपऱ्यात काळी स्त्री आणि मांजर आली.

पहिल्यांदा वाचताना मला हे फार मोकळं करणारं वाटलं होतं. तरुणपणी आपल्याला असं कुणीतरी सांगायला हवंच असतं. पण बाईंच्या प्रश्नानंतर तेच वाक्य पुन्हा वाचलं तेव्हा अडखळलो. टीकाकारांनी त्या स्त्रीची टवाळी केली. मानेच्या कैवाऱ्यानं तिला मांजरीच्या ओळीत बसवून डाग केलं. माझ्या रद्दीतल्या पुस्तकात ब्लॉकनं जे केलं तेच झोलानं शब्दांनी केलं होतं. आणि मी ते इमानानं पुढं छापत आलो होतो.

म्हणून मग मी त्या खोलीतल्या दोघींचा शोध घ्यायला लागलो. माझी फ्रेंच शब्दकोशाची काठी टेकत चालणारी. पण इतरांनी करून ठेवलेलं काम वाचायला तेवढी पुरते.

*

पलंगावरच्या स्त्रीसाठी बसलेली होती व्हिक्तोरिन म्युराँ. जन्म १८४४, पॅरिस, कारागीर घराण्यात. चित्र झालं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. मानेच्या 'रस्त्यावरची गायिका'मध्ये ती आहे, 'गवतावरचं भोजन'मध्ये आहे, बैलांशी झुंजणाऱ्या पुरुषाच्या वेषातही आहे, आणि दहा वर्षांनंतरच्या 'रेल्वे'मध्येही आहे.

ओलिंपियासाठी बसली म्हणजे तीही तसलीच, असं लोकांनी गृहीत धरलं. भूमिकेलाच माणूस समजण्याची खोड आपल्यालाही नवी नाही. जुन्या चरित्रकारांनी तिला दारूत बुडालेली, अकाली संपलेली बाई करून टाकलं. मीही व्याख्यानात तेच सांगितलं होतं, आवाज थोडा खाली आणून.

खरी हकिकत वेगळी आहे. अमेरिकन अभ्यासक युनिस लिप्टन यांनी तिचा माग काढून १९९२ साली पुस्तक लिहिलं. व्हिक्तोरिन स्वतः चित्रकार होती. १८७६ च्या सालोंमध्ये तिचं आत्मचित्र स्वीकारलं गेलं आणि त्याच वर्षी मानेची चित्रं परत पाठवली गेली. १८७९ मध्ये तिचं सोळाव्या शतकातल्या न्यूरेंबर्गच्या एका स्त्रीचं चित्र प्रदर्शनात होतं, त्याच अक्षरक्रमामुळे मानेच्याच दालनात. १९०३ साली फ्रेंच चित्रकारांच्या संस्थेनं तिला सदस्य करून घेतलं. ती वारली १९२७ मध्ये, पॅरिसजवळच्या कोलोंबमध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी.

मानेच्या मृत्यूनंतर १८८३ साली तिनं त्याच्या विधवेला पत्र लिहिलं होतं. चित्रं विकली गेली तर तुलाही काही देईन असं माने म्हणाले होते, तेव्हा मी नको म्हटलं होतं, आता वेळ आली आहे, असा त्याचा आशय. हे पत्र भीक मागणाऱ्या बाईचं नाही. कामाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईचं आहे. तिची बरीच चित्रं हरवली. पाम संडेचं एक चित्र कोलोंबच्या संग्रहालयात सापडलं, आणि तिचं आत्मचित्र अलीकडे बोस्टनच्या संग्रहालयानं विकत घेतलं. त्यात ती कुणाकडेही पाहत नाही. दुसऱ्यांनी तिला इतकं पाहिलं, इतकं रंगवलं. तिनं स्वतःला रंगवलं तेव्हा ही एक मोकळीक घेतली, असं मला वाटतं.

*

आणि फुलं घेऊन उभी असलेली?

तिचं नाव लोर. ते कुठं लपलेलं नव्हतं. खुद्द मानेच्या वहीत होतं. त्यानं टिपून ठेवलं होतं की लोर ही अतिशय सुंदर काळी स्त्री. पुढं पत्ता, ११, रू द व्हँतिमील, तिसरा मजला. म्हणजे 'अशा मॉडेलची नावं कुणी नोंदवत नसे' हे मी छातीठोक सांगत होतो तेव्हा ज्याच्यावर बोलत होतो त्यानंच ते नोंदवलेलं होतं.

हा रस्ता क्लिशीच्या चौकाजवळ आहे, मानेच्या स्टुडिओपासून पायी जाता येईल इतका. फ्रान्सनं आपल्या वसाहतींतली गुलामगिरी १८४८ मध्ये कायमची बंद केली. चित्राच्या आधी अवघी पंधरा वर्षं. पॅरिसच्या उत्तरेकडच्या या वस्त्यांमध्ये कृष्णवर्णीय माणसं राहत होती, दाई म्हणून, शिवणकाम करून, सर्कशीत, नाटकात पोट भरत होती. डेनिस मरेल या अभ्यासक स्त्रीनं हा सगळा परिसर धुंडाळला आणि २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यावर प्रदर्शन मांडलं.

मरेल यांचं एक निरीक्षण मला महत्त्वाचं वाटतं. त्या काळची युरोपी चित्रं काळ्या दासीला जनानखान्याच्या थाटात दाखवत. भरजरी कपडे, उघडी छाती. मानेनं लोरला पॅरिसमधल्या कष्टकरी बाईचा साधा, जरा सैल झगा दिला आहे, डोक्याला कॅरिबियन बेटांतल्या बायकांसारखा रुमाल बांधला आहे. पूर्वेकडच्या कुठल्या काल्पनिक महालातून तिला आणलेलं नाही. ती शेजारच्या गल्लीतून कामावर आलेली आहे. ज्या न्यायानं व्हिक्तोरिन देवी नाही, त्याच न्यायानं लोर गुलाम नाही. परंपरा मोडली ती एकदा नव्हे, दोनदा. दुसरी मोडतोड मात्र दीडशे वर्षं फारशा कुणाच्या लक्षात आली नाही.

म्हणून माने फार न्यायी होता असं मी म्हणणार नाही. त्यानं लोरला मागंच उभं केलं आहे, सेवेतच ठेवलं आहे, तिचा चेहरा गडद पडद्यासमोर आणला आहे. पण त्यानं तिचं स्वतंत्र व्यक्तिचित्रही केलं, जे आज इटलीत तुरिनला आहे. पॅरिसच्या बागेतल्या मुलांच्या एका चित्रात दाई म्हणूनही ती आहे. तीन चित्रं, एक नाव, एक पत्ता. २०१९ मध्ये पॅरिसच्या ओर्से संग्रहालयानं कृष्णवर्णीय मॉडेलांवरचं प्रदर्शन भरवलं तेव्हा 'ओलिंपिया'च्या पाटीवर तेवढ्या काळापुरतं नाव लिहिलं होतं, 'लोर'.

*

चित्राचं पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. माने १८८३ मध्ये एकावन्न वर्षांचा होऊन गेला तोवर ते विकलं गेलं नव्हतं. पुढच्या वर्षीच्या लिलावात घरच्यांनीच ते दहा हजार फ्रँकला परत घेतलं. १८८९ मध्ये एक अमेरिकन ते नेणार अशी कुणकुण लागली, तेव्हा वर्गणी गोळा करायला उभा राहिला तो १८६५ मधला उपटसुंभ, क्लोद मोने. सुमारे वीस हजार फ्रँक जमवून त्यानं १८९० मध्ये चित्र सरकारला भेट दिलं. गंमत म्हणजे झोलानं वर्गणी दिली नाही. माने आपल्या पायांनी लूव्र संग्रहालयात जाईल, असं त्याचं म्हणणं. सरकारनं चित्र आधी लक्झेंबर्ग संग्रहालयात ठेवलं. लूव्रची पायरी ते चढलं १९०७ मध्ये, मोनेच्या आग्रहामुळे आणि पंतप्रधान क्लेमांसोच्या हुकमानं. आज ते ओर्से संग्रहालयात आहे. २०१३ मध्ये व्हेनिसला तिशियनच्या व्हीनसशेजारी ते लागलं. गुरू आणि शिष्य समोरासमोर आले.

मूळ चित्र मी पाहिलेलं नाही. संगणकावर मोठं करून मात्र तासन्‌तास पाहिलं आहे. छपाईत गेलेलं सगळं तिथं परत मिळतं. व्हिक्तोरिनच्या खांद्यावर सोडलेले तांबूस केस, जे मागच्या तपकिरी पडद्यात मिसळतात आणि म्हणून अनेकांना तिचे केस कापलेले वाटतात. मांजर. आणि लोरचा चेहरा, कानातली लालसर कर्णफुलं, किंचित पुढं झुकलेली मान. व्हिक्तोरिन आपल्याकडे पाहते. लोर व्हिक्तोरिनकडे पाहते. गुच्छाविषयी ती काहीतरी विचारते आहे आणि उत्तराची वाट पाहते आहे.

गेल्या वर्षी त्याच वाचनालयात पुन्हा बोललो. या वेळी स्लाइड बंद करण्याची अट कुणी घातली नाही. प्रश्न विचारणाऱ्या बाई आता मुलाकडे दुसऱ्या गावी असतात, म्हणून त्यांना फोन केला. माझी ओळख पटवायला वेळ लागला. प्रश्न त्यांना आठवत नव्हता. मी सांगितलं, "तिचं नाव लोर."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "राहायची कुठं?"

या वेळी मला पत्ता सांगता आला.